जिच्यावर बाई कधी बसल्याच नाहीत

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. जुनी म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा लगेच पडतो. तुमची दया तुमच्याजवळच ठेवा. मला फक्त घडलं ते सांगायचं आहे, कारण माझ्याविषयी बरंच खोटं सांगून झालं आहे.

शाळेच्या दारांचं काम संपल्यावर उरलेल्या लाकडातून एका सुताराने मला घडवलं. माझ्या पाठीवर रंधा फिरत असताना त्याची बायको म्हणाली, "अहो, हिला हात नाही बसवले?"

"मास्तरांची खुर्ची आहे ही," सुतार म्हणाला. "मास्तरांनीच हात टेकले तर पोरांनी काय करायचं? पाय तेवढे पक्के हवेत."

माझे पाय त्याने खरोखरच पक्के केले. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या वर्गात माझी नेमणूक झाली. पहिले सर माझ्यावर बसून डुलक्या काढत. त्यांच्यानंतरचे सर माझ्या पाठीला छत्री अडकवत आणि जाताना विसरून जात. मग आल्या इतिहासाच्या बाई. त्या इतक्या उंच होत्या की फळ्याच्या वरच्या कोपऱ्यातही सहज लिहीत. मुलांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव शिडीबाई ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चालेल. चढा मग वर."

शिडीबाई माझ्यावर कधीही बसल्या नाहीत. त्या माझ्यावर चढत. मी किल्ला झाले, जहाज झाले, सिंहासन झाले, आडवी पडून तुरुंगाचं दारही झाले. एकदा घोड्यावरून पडणारा राजा दाखवताना बाई खरंच पडल्या, कोपर खरचटलं, आणि त्या जमिनीवरूनच पुढचा धडा शिकवत राहिल्या. शेजारच्या वर्गातली मुलं पाणी प्यायच्या निमित्ताने आमच्या खिडकीशी येऊन उभी राहत.

एक दिवस मुख्याध्यापक दारात आले. "बाई, खुर्ची बसायला असते."

"हो सर," माझ्यावर उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. "पण आत्ता राज्य संकटात आहे. बसले तर जाईल."

वर्ग खदखदून हसला. मुख्याध्यापक हसले नाहीत.

त्या वर्गात एक मुलगी होती, चाव्या बनवणाऱ्याची. ती बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर तोंडात यायचं आणि तिथेच रुतून बसायचं. मुलं तिला 'गंजकं कुलूप' म्हणत. बाईंनी ते ऐकलं, पण कोणालाही छडी दाखवली नाही. त्यांनी तिला हाताला धरून आणलं, माझ्यावर बसवलं आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, "हिच्या बाबांना विचारा. कुलूप उघडताना घाई केली की काय होतं?"

"चावी मोडते," एक मुलगा पुटपुटला.

"मग आपण घाई करायची नाही."

त्या दिवसापासून माझ्यावर बसायचा मान तिचा. बाई प्रश्न विचारत आणि उत्तर येईपर्यंत खिडकीला टेकून उभ्या राहत. सुरुवातीला मुलं चुळबुळ करायची. हळूहळू त्यांना थांबायची सवय झाली.

मग तपासनीस साहेब येणार असल्याची बातमी आली. भिंतींना रंग लागला, फुटकी तावदानं बदलली. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी बाईंना वर्गातच गाठलं. "त्या चावीवाल्याच्या मुलीला उद्या घरीच राहू द्या. साहेबांसमोर उगाच शोभा नको."

"ती घरी राहिली तर मीही घरी राहीन," बाई म्हणाल्या.

"अहो, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"माझं भलं मी बघेन सर. तुम्ही तिचं बघा."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मुलगी माझ्यावर बसलेली होती, म्हणून त्यांच्यासाठी कचेरीतून गादीची खुर्ची आणावी लागली. साहेबांना ते खटकलं असावं, कारण त्यांनी हातातली छडी सरळ तिच्याकडेच रोखली. "तू सांग. शत्रूने वेढा घातल्यावर राणीने त्याला काय उत्तर दिलं?"

मुलगी उठली. तिने माझी पाठ दोन्ही हातांनी धरली. "रा... रा... रा..."

मुख्याध्यापक खोकले. साहेबांनी छडी दुसरीकडे वळवली. "असू दे. दुसरं कोण सांगतंय?"

"थांबा साहेब," बाई म्हणाल्या.

"अहो, मला अजून बरेच वर्ग बघायचेत."

"बघा की. पण वाक्य तिचं आहे, ते तीच पुरं करील."

वर्ग सवयीप्रमाणे थांबला. त्या मुलीची नखं माझ्या लाकडात रुतली होती. तिची मान ताठ झाली, डोळे भरून आले, पण ती खाली बसली नाही. "रा... राणी म्हणाली, दा... दार उघडणार नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काही चमत्कार झाला नव्हता, तिची जीभ अजून अडखळतच होती. एक वाक्य पुरं झालं होतं, एवढंच. पण मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी इतकं मोठं वाक्य ऐकलेलं नाही.

साहेबांनी शेरा मारला की या वर्गात वेळेची किंमत नाही आणि शिस्तही नाही. शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक तणतणत वर आले. "साहेब अजून खाली आहेत. चला, त्यांची माफी मागा."

"कशाबद्दल?"

"तुम्ही त्यांना थांबवलंत!"

"थांबवलंच. पुन्हा आले तर पुन्हा थांबवीन."

"मग उद्यापासून तुमची इथे गरज नाही."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. घरी म्हातारे वडील त्यांच्या जिवावर होते, हे साऱ्या शाळेला ठाऊक होतं. मला वाटलं, आता त्या मटकन बसतील. मी चारही पाय रोवून तयार राहिले. पण त्यांनी फळा पुसला, खिडक्या लावल्या, पिशवी खांद्याला अडकवली आणि ताठ मानेने जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी नवे सर आले. त्यांनी हजेरी घेतली. चावीवाल्याच्या मुलीचं नाव आलं आणि तिचं पहिलं अक्षर अडकलं. सर घड्याळ बघून पुढचं नाव घेणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, थांबा. ती सांगतेय." तो आवाज तिला गंजकं कुलूप म्हणणाऱ्यांपैकीच एका मुलाचा होता. बाईंना काढून टाकता आलं, त्यांनी शिकवलेलं कोणाला काढून टाकता आलं नाही.

पुढे लोखंडी खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी जिन्याखालच्या अडगळीत झाली. शिपाईकाका तेवढे मला बाहेर काढत, माझ्यावर उभे राहून दिवे बदलत आणि परत ठेवताना फडक्याने पुसत. चावीवाल्याची मुलगी आता बापाच्या दुकानात बसते आणि गिऱ्हाइकं निमूट थांबतात, हे मला त्यांनीच सांगितलं. आणि एके दिवशी ते वर्तमानपत्र नाचवत आले. "बघ गं बघ! आपल्या शिडीबाई!"

त्या नाटकात गेल्या होत्या, नाटकातून सिनेमात. त्यांची उंची पडद्यावरही मावत नसे म्हणे. रस्त्यात लोक त्यांना बघायला गर्दी करत. कोणीतरी मुलाखतीत विचारलं, "अभिनय कुठे शिकलात?" त्या म्हणाल्या, "वर्गात. मुलांपुढे खोटं वागलं की लगेच पकडले जातो."

झालं! शाळेला अचानक आठवण आली. मला अडगळीतून ओढून काढलं, चकचकीत रंग दिला, बैठकीवर लाल मखमल ठोकली आणि दालनात दोरीच्या आत उभं केलं. पुढे पितळी पाटी लावली: 'याच खुर्चीवर बसून थोर अभिनेत्रीने आमच्या शाळेत ज्ञानदान केले. आम्हांस त्यांचा सदैव अभिमान होता व आहे.' मुलांनी हात लावला तर ओरडा बसे. अडगळीत मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

मग मोठा समारंभ ठेवला आणि बाईंना बोलावलं. केस पांढरे झाले होते, उंची तेवढीच होती. संस्थेचे अध्यक्ष वाकून म्हणाले, "ताई, जरा खुर्चीवर बसता का? फोटो घेऊ."

बाईंनी चष्मा लावून पाटी मोठ्याने वाचली. "हे कोणी लिहिलं? मी हिच्यावर कधी बसलेच नाही. आणि अभिमान होता म्हणे! मला काढलं होतं तुम्ही. तेही लिहा की."

अध्यक्ष कसनुसे हसले. "जाऊ द्या ताई, जुन्या गोष्टी. पाटी पितळेची आहे, आता काही बदलता यायचं नाही."

"पाटी राहू दे मग. खुर्ची हलवा." त्यांनी स्वतःच दोरी सोडली. "मुलांनो, कोणत्या वर्गात खुर्ची कमी आहे?"

"आमच्या!" एकदम चारपाच वर्ग ओरडले. अध्यक्ष नको नको म्हणत असतानाच मुलांनी मला उचललं. दारात मखमल खिळ्याला अडकून टर्रकन फाटली. बाई मनापासून हसल्या.

आता मी विज्ञानाच्या बाईंच्या वर्गात आहे. त्या ठेंगण्या आहेत. त्यांचा आवाज बसका आहे, आणि त्यांचा फोटो कुठल्याही वर्तमानपत्रात कधी यायचा नाही. पण काल एका मुलाला चुंबक कळेना, तेव्हा त्या मधल्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्याच्याशेजारी बसून राहिल्या. त्यांच्या नावाची पितळी पाटी कोणी लावणार नाही. म्हणून सांगते, शिडीबाई पुढे प्रसिद्ध झाल्या म्हणून चांगल्या शिक्षिका ठरल्या नाहीत. त्या प्रसिद्ध झाल्या नसत्या तरी मी हेच सांगितलं असतं, आणि तुम्ही ऐकलं नसतं.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर सैल झालेल्या पायाला एक पाचर ठोका आणि खुशाल बसा, उभे राहा, चढा. आणि तुम्हाला शिकवणाऱ्यांचा मान ठेवायचा असेल तर ते मोठे होण्याची वाट बघू नका, आजच ठेवा.

आत्ताच विज्ञानाच्या बाईंनी फळ्याकडून वळून विचारलं, "कोण कुरकुरतंय रे मघापासून?"

मी. आणि मी कुरकुरणारच.