तक्त्याखालची चांदणी

रंजीता वाचू लागली, की तांड्यातली माणसे हातातले काम खाली ठेवीत. धनज गावावरून आत वळणाऱ्या रस्त्यावर चाळीस-बेचाळीस घरांचा हा तांडा. घरात बोलायची भाषा एक, बाजारातली वऱ्हाडी दुसरी, आणि पुस्तकातली मराठी या दोहोंपासून दूर राहणारी तिसरी. परंतु सहावीतली ही मुलगी ती तिसरी भाषा अशा काही लयीत वाची, की ऐकणाऱ्याला वाटावे, कुठेतरी ओढ्याचे पाणी खडकावरून हलके हलके उतरत आहे. वाचताना तिचे स्वतःचेही भान हरपे. शब्दांचे अर्थ तिला क्वचितच लागत. शब्द मात्र दिसत. 'तथापि' हा तिला काठी टेकत येणारा म्हातारा वाटे. 'अनुक्रमणिका' म्हणजे पायांत चाळ बांधून एकीमागून एक चाललेल्या सात बहिणी. त्यांच्या मागोमाग तीही चालत राही, आणि पान संपले की झोपेतून उठल्यासारखी इकडेतिकडे पाही.

अक्षर तिला शाळेतल्या शालिग्राम गुरुजींनी दिले होते, वाचण्याची रीत मात्र गोमतीबाईने. गोमतीबाई म्हणजे तिच्या बापाची, किसनसिंगाची, आत्या. तिची रीत पोथीची होती: पुस्तक पाटावर ठेवावे, मधूनच उघडू नये, एक ओळही गाळू नये, अध्याय पुरा झाल्यावाचून उठू नये. गोमतीबाईला स्वतःला अक्षर ओळखू येत नव्हते. कदाचित म्हणूनच नियमांच्या बाबतीत ती कमालीची कडक होती.

श्रावण सरता सरता एका दुपारी किसनसिंगाच्या गाभण शेळीने, युरियाचे पोते धुतलेल्या घमेल्यातले पाणी पिऊन टाकले. घटकाभरात ती थरथरू लागली, तोंडाला फेस आला. तांड्यातल्या जुन्या औषधांना या नव्या विषाची ओळख नव्हती. जनावरांच्या डॉक्टरांचा फोन लागेना. तेव्हा रंजीताच्या आईला, ललिताबाईला, आठवले, की मागच्या आठवड्यातल्या शिबिरात शेळीपालनाचे अठ्ठेचाळीस पानांचे पुस्तक मिळाले आहे.

"वाच माय, लवकर वाच!" ती म्हणाली.

"थांबा बाप्पा!" गोमतीबाई ओरडली. "पयले पाट आना. पुस्तक मातीत ठेवता काय?"

पाट आला. पुस्तकाला कुंकू लागले. माणसे शेळीभोवती गोल करून बसली आणि रंजीताने पहिल्या पानाच्या पहिल्या अक्षरापासून आरंभ केला. प्रस्तावना झाली, मनोगत झाले, शेळीपालनाचे महत्त्व झाले, उस्मानाबादी आणि संगमनेरी या जातींची वर्णने झाली. आवाज इतका गोड लागला होता, की शेळीचे थरथरणेही त्याच्याच तालावर चालले आहे असे वाटत होते. माणसे माना डोलावीत होती. अकराव्या पानावर, 'आदर्श गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी' या वाक्याशी, शेळीने पाय ताणले आणि ती निमाली.

संध्याकाळी शालिग्राम गुरुजी आले. ते नेमके माणूस होते. नेमकेपणापायी कोणाचे मन दुखावेल, हे त्यांच्या ध्यानात नेहमी उशिरा येई. त्यांनी पुस्तक शेवटाकडून उघडले, सूचीवरून बोट फिरवले आणि सदतिसावे पान काढले. तिथे एक चौकट होती: युरियाची विषबाधा, प्रथमोपचार. व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी पाजावे, तत्काळ डॉक्टरांना बोलवावे.

"व्हिनेगर?" किसनसिंगाने विचारले. "ते काय असते?"

"आंबट पाणी असतं. फाट्यावरच्या चायनीजच्या गाडीवर बाटली असते त्याची," गुरुजी म्हणाले, आणि म्हणताक्षणीच थांबले.

फाटा दहा मिनिटांवर होता.

"म्हंजे इलाज घरातच होता," किसनसिंग सावकाश म्हणाला. "अन् हे पोट्टी आमाले गोठ्याची दिशा सांगून राह्यली होती!"

"चूक तिची नाही, किसनसिंगभाऊ. माझी आहे. मी तिला वाचायला शिकवलं, शोधायला शिकवलं नाही."

"चूक कोनाची बी असो. बकरी तं माही मेली ना! दिवाळी झाली का आमी ऊस तोडाले जातो. यंदा हे संगं येईन, भावाले, बबल्याले, सांभाळन."

"गेल्या वर्षी आत्याबाईंजवळ ठेवली होती, तशीच यंदाही ठेवा."

"कायले? तिचं वाचनं निस्तं गानं हाये, गुरुजी. गानं मले उसाच्या फडातबी ऐकू येते." मग आपणच जरा नरमून तो म्हणाला, "वाचून मतलब सांगाले लागली, तं ठेवीन. दिवाळीपावतर पाहा."

रंजीता रडली नाही. तिच्या मनात एकच चित्र फिरत राहिले: ती अकरावे पान वाचत होती, तेव्हा सदतिसावे पान तिच्याच तळहाताखाली होते. मधे अवघे तेरा कागद. त्या तेरा कागदांखाली इलाज गाढ झोपला होता आणि ती त्याच्या उशाशी बसून अंगाई गात होती.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्गात तेच पुस्तक सर्वांपुढे ठेवले आणि सांगितले, "आज कोणी वाचायचं नाही. नुसतं पाहायचं. डोळे मिटत आणा. पुरते नाही; झोप येताना होतात तितकेच."

"गुरुजी, मी तं रोजच असाच वाचतो!" मागच्या बाकावरून पवन म्हणाला, आणि वर्ग हसला.

"म्हणूनच तुला तिसरा धडा अजून पहिला वाटतो," गुरुजी म्हणाले. "आता सांगा, काय उरलं?"

रंजीताने पापण्या खाली आणल्या. बारीक अक्षरे विरघळून राखाडी झाली, आणि त्या राखाडीतून काही गोष्टी उभ्या राहिल्या. माघातल्या पहाटे टेकडीवरून तांडा पाहिला, की घरे धुक्यात बुडालेली असतात आणि पाण्याची टाकी, कडुनिंब, शाळेचा झेंड्याचा खांब एवढेच वर दिसते, तसे. "काळ्या ओळी उरल्या," ती म्हणाली. "एक चौकोन. एक चित्र."

"त्यांच्यावरून गाव ओळखायचं. मग कोणत्या घरी जायचं ते ठरवायचं, मग दार वाजवायचं. प्रत्येक घरी जेवत बसलं, तर माणूस मुक्कामाला पोचेल कधी?"

असे ते दिवस गेले. गुरुजी मथळ्याला प्रश्न करायला लावीत: 'जंतनिर्मूलन' असे दिसले, की 'जंत कधी आणि कशाने काढायचे?' असे आधी मनाशी विचारायचे आणि मगच खाली उतरायचे. चित्राआधी चित्राखालची ओळ वाचायची. ठळक छापलेला शब्द अडला, तर शेवटच्या पानावरच्या शब्दार्थांत जायचे. तिथे रंजीताला 'भकाळी' भेटली: शेवटची बरगडी आणि मांडी यांच्यामधला खोलगट भाग. ती घरी धावत गेली आणि उरलेल्या दोन शेळ्यांच्या कुशीला हात लावून पाहत राहिली. शब्द कागदावरून उतरून उबदार झाला होता, श्वासाबरोबर वरखाली होत होता.

काही गमावलेही. 'तथापि'चा अर्थ 'असे असले तरी' असा कळला, त्या दिवशी काठी टेकणारा म्हातारा जो गेला तो परत आला नाही. अनुक्रमणिकेतल्या सात बहिणी आपापल्या पानावर जाऊन बसल्या. तिने हे गुरुजींना सांगितले. "पोथी वाचताना बोलावून बघ त्यांना," गुरुजी म्हणाले. "तिथं येत असतील."

दिवाळी झाली. गुरुजी सुटीत कारंज्याला आपल्या घरी गेले. ट्रक यायला चार दिवस उरले असता, दिवस कलताना, किसनसिंग अंगणात बाजेवर बसला आणि त्याने रंजीताला हाक मारली.

"पुस्तक आन. दोन्ही बकऱ्या मी संगं नेऊन राह्यलो. तिथं उसाच्या शेंड्याकडचं हिरवं वाढं लय पडून राह्यते. थे बकरीले चालते का नाही, सांग. ही बिडी इझेपावतर."

त्याने बिडी पेटवली. रंजीताने पुस्तक मांडीवर घेतले. पाट मागितला नाही. गोमतीबाईने भुवया चढवल्या. अनुक्रमणिकेत 'चारा व्यवस्थापन', पान अठरा. हिरवा चारा, वाळलेला चारा, झाडपाला. एकोणिसाव्या पानावर तक्ता. त्यात मका, ज्वारी, लसूणघास, सुबाभूळ. ऊस नाही. तिने सूची काढली. 'उ-ऊ'खाली उवा होत्या, उष्माघात होता, ऊस नव्हता.

बिडी निम्म्यावर होती. "यात नाही, बा," ती म्हणाली.

"अख्खं पुस्तक न वाचता नाही म्हनते?"

"सूचीत नाही. तक्त्यात नाही. मथळ्यातबी नाही."

"वा! बांधावर उभं राहून कपाशीत बोंडअळी नाही म्हना!" किसनसिंग आजूबाजूच्या माणसांकडे पाहत म्हणाला. "असं नाही चालत. वाच पयल्यापासून. उसाचं काही निंगालं, तं ट्रकात बसाचं. नाही निंगालं, तं आत्याजवळ राहाचं. बोल."

रंजीताने होकाराची मान हलवली. आता पाट आणायला गोमतीबाई स्वतः उठली.

हे वाचन मात्र निराळे झाले. रंजीताचा आवाज पूर्वीसारखा सलग वाहत नव्हता. ती परिच्छेदाशी थांबे, वाचलेले घरच्या भाषेत सांगे, आणि माणसे माना डोलावण्याऐवजी वाद घालू लागत.

"गोठ्यात चुना मारा म्हंते? मारला होता मी. काय झालं?" शेजारचा देवमन म्हणाला.

"तुनं गोठ्याले मारला, का पानाले लावून खाल्ला?" ललिताबाईने विचारले, आणि देवमनाची बायकोच सर्वांत मोठ्याने हसली.

पहिल्या संध्याकाळी तेरा पाने झाली. दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा चाऱ्याच्या तक्त्याशी आली. सूर्य नुकताच बुडाला होता, चुलींचा धूर जमिनीलगत पसरला होता, आणि त्या निळसर थरात माणसे कमरेपर्यंत बुडाल्यासारखी दिसत होती. मका, ज्वारी, लसूणघास. तक्ता संपला. 'हिरवा चारा' या अक्षरांच्या खांद्यावर एक बारीकशी चांदणी होती. ती तिने मागेही पाहिली होती. पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तशाच तीन चांदण्या छापल्या होत्या, ही त्यांतलीच एक वाट चुकलेली असेल, असे तिला वाटले होते. आज एक ओळही सोडायची नव्हती म्हणून तिची नजर पानाच्या अगदी तळाशी गेली. तिथे तशीच दुसरी चांदणी होती आणि तिच्यापुढे, मुंग्यांच्या रांगेसारखी, एक ओळ.

रंजीताने ती मनातल्या मनात वाचली.

कोणालाच काही कळले नव्हते. या अंगणात ती ओळ एकट्या तिलाच दिसत होती. पान उलटले, की ती कायमची धुक्यात जाणार होती. पलीकडे आत्याचे घर, शाळा, खिडकीजवळचे बाक. अलीकडे ट्रक, फड, बबलूचे कडेवरचे ओझे. मधे मुंग्यांच्या रांगेएवढी एक ओळ. पानाचा कोपरा तिच्या चिमटीत होता. अंगणाच्या कडेला दोन्ही शेळ्या बसून रवंथ करीत होत्या, आणि एकीची भकाळी श्वासाबरोबर हलकेच भरत होती, रिकामी होत होती.

"थांबली काहून?" किसनसिंगाने विचारले.

रंजीताने कोपरा सोडला. "'उसाचे वाढे नुसते देऊ नये,'" तिने वाचले. "'कोरड्या चाऱ्यात मिसळून, थोडे थोडे द्यावे.'" आणि मग घरच्या भाषेत तेच पुन्हा सांगितले, अर्थाबद्दल काही शंका राहू नये म्हणून जरा मोठ्याने.

ललिताबाईने पदर तोंडाशी नेला.

"कुठं हाये?" किसनसिंग उठून जवळ आला. तिने बोट ठेवले. त्याने वाकून त्या ओळीकडे, मग चांदणीकडे, मग पोरीकडे पाहिले.

"आता दिसलं तुले?"

"आता."

"मले अक्षर येत नाही. आत्याले येत नाही. गाळलं असतं, तं कोनाले समजलं असतं?"

रंजीताने उत्तर शोधले नाही. ते तिच्याजवळ होतेच. "बकऱ्यायनं तं खाल्लं असतं ना थे, बा."

किसनसिंग बाजेवर बसला, पण बिडी न पेटवताच. "मुकादमाचा कागद असो का दवाखान्याचा," तो म्हणाला, बोलणे कोणालाच उद्देशून नसल्यासारखे, "आजपावतर मले जेनं वाचून दाखवलं, त्यानं त्याले पाह्यजे तेवढंच वाचलं. मले समजत होतं. पन कोनता शब्द खाल्ला, थे समजत नव्हतं."

"मंग?" गोमतीबाईने विचारले. "निंगाला ना ऊस? तुहा बोल काय होता?"

"बोल माहा होता. मीच मोडतो. तुले काही तकलीफ?"

"मले कायची तकलीफ! दोन भाकरी जास्त थापाच्या, एवढंच."

"दोन?" देवमन म्हणाला. "पोट्टी चार खाते!"

हसणे ओसरले तेव्हा किसनसिंगाने पुस्तकाकडे हनुवटी केली. "वाच समोर. वाढं कशात मिसळाचं, थे बी लिहून असंन कुठं तं पाय."

रंजीताने पुस्तक उलटे केले, सूचीत 'कोरडा चारा' शोधला, आणि विसावे पान उघडले. ती वाचू लागली तेव्हा ललिताबाई घरात गेली. ट्रकासाठी बांधलेले मोठे गाठोडे तिने सोडले, त्यातून रंजीताचे दोन ड्रेस आणि तिची गोधडी बाजूला काढली, आणि गाठोडे पुन्हा आवळून बांधले. दोन्ही ड्रेस तिने हाताने सारखे केले आणि खुंटीला टांगले.