फ्लेक्सवर चढलेली सगुणाबाई

२००६ साली घोटीच्या बाजारपेठेत मोहिनीनं फ्लेक्स डिझाइनचं दुकान टाकलं, तेव्हा गल्लीबोळातल्या प्रत्येक पुढाऱ्याला आपलं थोबाड चौकात बघायची घाई झाली होती. मोहिनी कॉम्प्युटरवर डिझाइन करी, सीडी नाशिकला जाई आणि छापलेला फ्लेक्स जीपनं परत येई. तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पलीकडच्या गावचा गोरक्ष. लोक त्याला सरपंच म्हणत. खरं तर जागा बायकांसाठी राखीव, निवडून आलेली त्याची बायको सगुणाबाई. पण खुर्चीत हाच बसे आणि फ्लेक्सवर गॉगल लावून हसेही हाच.

एकदा गोरक्ष पुतण्याची सोयरीक जमवायला चार-पाच दिवस नाशिकला गेला, आणि सगुणाबाई एकटीच दुकानात आली.

"मोहिनी, माझा एक फलक कर. माझ्या एकटीचा. वरीस झालं निवडून येऊन, पण एक बाई दारात येऊन म्हणत नाय, की सगुणे, आमच्याकडं पाणी नाय. समदे यांच्याकडंच जात्यात. मी सरपंच हाय हे लोकांना दिसू तर दे!"

मोहिनी विचारात पडली. गोरक्ष बिथरला तर दुकानाला कुलूपच! पण बाईचा चेहरा इतका उतरला होता, की तिला नाही म्हणवेना.

"बसा काकू. होऊन जाऊ द्या!"

मोहिनीनं फोटो काढला, डोक्यावर पदर घेतलेला. पांढरी पार्श्वभूमी, मधोमध भला मोठा चेहरा, खाली 'सौ. सगुणाबाई, सरपंच. पाण्याची अडचण थेट मला सांगा.' जरा ओकंबोकं वाटलं म्हणून भोवती झेंडूची फुलं टाकली, आणि मोहिनी स्वतःवरच खूश झाली.

फ्लेक्स गावच्या फाट्यावर लागला त्या सकाळी मोहिनी कौतुकानं बघायला गेली. तिथून सगुणाबाईच्या घरी जाते तर काय, अंगणात ही गर्दी! खालच्या आळीची लंकाबाई ऊर बडवून रडत होती, "सगुणे, अशी कशी गं गेलीस!" कुणी पिठलं-भाकरी घेऊन आलं होतं, दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून.

मोहिनीनं कपाळावर हात मारला. अहो, त्या गावात बाईचा फोटो फ्लेक्सवर चढे तो एकदाच, भावपूर्ण श्रद्धांजलीला. एकटा चेहरा, वर फुलं, मग खाली काय लिहिलंय ते वाचतंय कोण?

तेवढ्यात सगुणाबाई गोठ्यातून शेणाच्या हातानं बाहेर आली. लंकाबाईनं किंकाळी फोडली. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि अंगणभर हसू पसरलं. मोहिनीला मात्र रडूच येत होतं. बाई नजरेला यावी म्हणून केलेला फलक, आणि तिचीच चेष्टा झाली!

हसू थांबतंय तोच जीपमधून गोरक्ष उतरला. बायको गेली म्हणून नाशिकला त्याला कुणीतरी फोन केला होता. पायात चप्पल नाही, डोळे लाल. समोर बायको धडधाकट बघून तो पायरीवर मटकन बसला आणि हमसून रडला.

"मेल्यांनो, काळीज काढलंत की माझं!"

मोहिनी खांबाआड झाली. आपल्या दुकानाचं आता काय व्हायचं ते होवो, पण या माणसाची तिला फार दया आली.

सगुणाबाईनं हात धुतले, नवऱ्याला पाणी दिलं आणि ती लोकांकडं वळली. "आलाच हाय समदे, तर बसा. फलकावर काय लिवलंय ते मीच सांगते. पाण्याचं माझ्याशी बोला."

सगळ्यांनी सवयीनं गोरक्षकडं पाहिलं. शेवटी लंकाबाईनं पदरानं नाक पुसलं.

"तू गेली म्हणून रडले, तर आता तुझ्याशीच बोलते. आमच्या आळीला पाणी नाय. तुझा मालक टाकीवरचा व्हॉल बंद करतो, तुमच्या मळ्याला पाणी पुरावं म्हणून."

एरवी गोरक्ष खेकसला असता. पण आत्ताच साऱ्या गावासमोर बायकोसाठी रडलेला माणूस, खेकसणार तरी कोणत्या तोंडानं? त्यानं मान खाली घातली. सगुणाबाईच्या चेहऱ्यावरून मोहिनीला कळलं, की हे तिलाही नवीनच होतं.

"खरं हाय?" तिनं विचारलं.

त्याची मान आणखीच खाली गेली.

"चावी द्या."

त्यानं मान वर केली. मग खिशातून व्हॉलच्या खोलीची चावी काढून तिच्या हातावर ठेवली. सगुणाबाईनं ती पदराच्या टोकाला बांधली.

"लंके, ऊठ," ती म्हणाली. "चल, तुझ्या आळीला पाणी सोडू."