साठातून चाळीस

धाकटीने तेच गणित पुन्हा वाचून दाखवलं. पुढे चाळीसच्या वेगाने चाललेली मालगाडी, मागून त्याच दिशेने साठच्या वेगाने येणारी एक्स्प्रेस; एक्स्प्रेसला मालगाडी ओलांडायला किती वेळ लागेल?

"ओलांडेल कशी?" तिचे बाबा म्हणाले. "आधी मालगाडीला बाजूच्या लाइनीवर घ्यावं लागेल."

"दोघी वेगळ्या लाइनींवर आहेत, बाबा."

"पुस्तकात तसं लिहिलेलं नाही."

तिने कपाळाला हात लावला. त्या काळी सिग्नलचे खटके हातानेच ओढावे लागत, आणि बाबांचा उभा जन्म रेल्वेच्या केबिनमध्ये ते खटके ओढण्यात गेलेला. गाडी म्हटली की तिला रस्ता कोणी दिला, हेच त्यांच्या डोक्यात आधी यायचं. वेगातून वेग वजा करा म्हटलं की ते बिथरत. साठने पळणारी गाडी वीसची कशी होईल, मध्येच ब्रेक कोणी लावला, असं विचारत. खिडकीत उभं राहून त्यांनी आयुष्यभर गाड्या जाताना पाहिल्या, पण स्वतः कायम जागच्या जागी.

आणि बाबांना ही बढतीची परीक्षा हातची घालवून चालणार नव्हतं. त्यांचा खांदा कामातून गेला होता. बढती मिळाली तर टेबलाचं काम; नाहीतर वयाची अट उलटणार आणि कंदील पुसायच्या खोलीत बदली. आईने तर या विषयावर बोलणंच सोडलं होतं.

परीक्षेच्या दिवशी धाकटीही सोबत निघाली, वाटेत एवढं एक गणित तरी त्यांच्या गळी उतरवावं म्हणून. पण गाडीत बसताच बाबा नेहमीप्रमाणे झोपी गेले. तिला आता रडू यायचंच बाकी होतं. इतक्यात त्यांच्या गाडीने शेजारच्या लाइनीवरची एक मालगाडी गाठली. तिने बाबांना गदागदा हलवलं.

मालगाडीचे डबे खिडकीजवळून सावकाश मागे सरकत होते. दारांवर खडूने लिहिलेले आकडेसुद्धा वाचता येत होते.

"रखडतेय का ही?" बाबा डोळे चोळत म्हणाले. "सिग्नल तर दिलाय."

"रखडत नाहीये. तिची चाकं बघा."

चाकं गरगर फिरत होती. बाबा बघतच राहिले. शेवटी तिचं इंजिनही मागे पडलं.

"म्हणजे मी इथे बसलोय म्हणून ती वीसची," ते हळूच म्हणाले. "ब्रेक कोणीच लावला नाही."

"इतके दिवस मी दुसरं काय सांगतेय?"

"तू नीट सांगत नव्हतीस."

मग ते सरसावून बसले आणि गाडी समोरून येत असेल तर बेरीज का करायची, ते तिला समजावू लागले. पलीकडच्या बाकावरच्या बाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात, हातवारे करून, जणू हे गणित त्यांनीच शोधून काढलं होतं. उतरायचं स्टेशन आलं तरी थांबेनात. धाकटी मध्ये एकदा "हो, बाबा" म्हणाली, तर त्यांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं.

"नुसतं हो नको म्हणूस. कळलं का, ते सांग."