दरवाजा लागू द्या

मित्रांनो, ज्याला ढकलून तुम्ही आत शिरता आणि ज्याच्याकडे मागे वळूनही पाहत नाही, तो जुना लोखंडी दरवाजा मी. उंची मोठ्या माणसाच्या छातीएवढी, हिरवा रंग ठिकठिकाणी उडालेला आणि डाव्या बिजागरीत कायमची कुरकुर. ही कुरकुर नुसत्या बिजागरीची आहे असं समजू नका, माझा स्वभावच तसा आहे. मला स्वस्थ राहवत नाही. अर्धवट उघडा राहिलो की जिवाची नुसती घालमेल होते. वाऱ्यावर पुढे-मागे हलत राहतो आणि वाटतं, अरे, कुणीतरी या, मला एकदाचं नीट लावा!

माझा जन्म रस्त्याकडेच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. मला घडवणारा वेल्डर स्वतःशीच पुटपुटत काम करायचा. गज कापताना पुटपुटायचा, जोड देताना पुटपुटायचा, ठिणग्या उडाल्या तरी त्याचं तोंड चालूच. शेवटची बिजागरी बसवून त्याने मला एक हलकी टिचकी मारली. मी सर्रकन गेलो आणि खटकन लागलो. तेव्हा तो पहिल्यांदा मोठ्याने बोलला, "हां! दरवाजा लागला पाहिजे. उघडं काय, भिंतीतलं भोकही असतं." ते ऐकून माझी छाती फुगली. आपण कशासाठी जन्माला आलो हे मला त्याच दिवशी कळलं.

मग मला या बागेच्या तोंडाशी बसवलं आणि माझ्या नशिबाचा खेळ सुरू झाला. कारण ही वस्ती म्हणजे सभ्य माणसांचं आगर. इथे कुणी कुणाच्या पुढे जात नाही. दरवाज्याशी दोन माणसं आली की एकाने मला धरून ठेवायचं आणि म्हणायचं, "आधी तुम्ही." दुसऱ्याने म्हणायचं, "छे छे, आधी तुम्ही." तेवढ्यात तिसरा यायचा, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी मधल्या मध्ये लोंबकळत! या सगळ्यांत वरचढ म्हणजे बाग समितीचे अध्यक्षकाका. रस्त्याच्या टोकाला कुणी दिसलं तरी ते मला धरून हसतमुखाने उभे राहायचे. मग त्या बिचाऱ्या माणसाला लाजेकाजेस्तव पळत यावं लागायचं. एकदा तर एक गृहस्थ धापा टाकत आले आणि म्हणाले, "काका, मला बागेत यायचंच नव्हतं हो, मी दुकानात चाललो होतो."

नवीन येणारे म्हणायचे, "किती छान माणसं आहेत इथली!" छान आहेत, मान्य. पण माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा त्याचं काय?

अशी बरीच वर्षं गेली. माझ्यावर लोंबकळून मुलांनी झोके घेतले, त्याने माझी बिजागरी ढिली झाली. मुलांचा मला राग नाही, निदान ती मला जोरात आपटून तरी लावायची. पुढे मला रंग लावायचं सगळे विसरले. बागेचीही रयाच गेली. घसरगुंडीचा पत्रा फाटला, मागच्या कोपऱ्यात रान माजलं आणि चालायच्या वाटेवरून भांडणं होऊ लागली. पहाटे फिरायला येणारे एका बाजूला, कुत्री घेऊन येणारे दुसऱ्या बाजूला. इथली भांडणंही अशी की ऐकणाऱ्याला वाटावं सत्कार चाललाय. "आपला पूर्ण मान राखून सांगतो, आपल्या कुत्र्याने काल माझ्या बुटावर जे केलं ते मी अजून धुतोय."

शेवटी बाग सुधारायचं ठरलं. शहराच्या कचेरीतून एक तरुण बाई आल्या. काखेत कागदाची गुंडाळी, पायात मातीने भरलेले बूट. वस्तीने त्यांना नकाशेताई म्हणायला सुरुवात केली. माझ्याच शेजारी, झाडाखाली सभा भरली. बाकं कुठे, दिवे कुठे, मुलांचं मैदान कुठे, सगळं भराभर मार्गी लागलं. घोडं अडलं ते मागच्या कोपऱ्यापाशी. कुत्र्यांना मोकळं सोडायला तिथे कुंपण घालावं, असं नकाशेताईंनी सुचवलं. फिरायला येणाऱ्यांनी नाकं मुरडली. माणसांना जागा पुरत नाही, तिथे कुत्र्यांचे लाड कशाला?

तेव्हा टेलिफोनआजी उठल्या. त्यांचा सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे आवाज एकमेकांना जोडण्यात गेला होता. पायाशी त्यांचा पांढरा, काळ्या ठिपक्यांचा कुत्रा होता. त्याला ठिपक्याच म्हणायचे.

"जन्मभर मी हॅलो हॅलो केलं आणि पदरात पडला हा," आजी म्हणाल्या. "जन्मतः बहिरा आहे. तुमची कुत्री हाक मारली की मागे फिरतात, म्हणून तुम्ही त्यांना कुठेही सोडता. मी याला कधीच सोडू शकले नाही. एकदा का गेला, की हाक कुणाला मारू? आता तोही म्हातारा होत चाललाय. त्याचे पाय थकायच्या आत त्याला एकदा दोरीशिवाय पळताना बघायचंय मला. बाकी काही नको."

मग बूटवाले गृहस्थच म्हणाले, "कुंपण घाला."

नकाशेताईंची कामाची एक पद्धत होती. नुसत्या कागदावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी कोपऱ्यातलं रान काढून घेतलं, जमिनीवर चुन्याची फक्की मारून कुंपण आखलं आणि सगळ्यांना सांगितलं, "आता इथे कुंपण आहे असं समजून चालून दाखवा." फक्कीत तुटक जागा सोडून त्यांनी दोन दरवाजे दाखवले होते, एकामागे एक, मध्ये माणूस नि कुत्रा उभा राहील एवढी जागा. पहिला लावायचा, मगच दुसरा उघडायचा. मी दुरून बघत होतो आणि हरखून गेलो होतो. कुणीतरी दरवाजा लागण्याचा विचार केला होता!

पण माशी शिंकलीच. अध्यक्षकाका म्हणाले, "ताई, दोन-दोन दरवाजे म्हणजे आलेल्या माणसाला मध्ये ताटकळत ठेवणं. आणि त्याच्या तोंडावर दरवाजा लावायचा? आपल्याकडे बरं दिसत नाही ते." सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईंनी बराच वेळ समजावलं, मग हात टेकले. काकांनी स्वतःच्या चपलेने आतल्या दरवाज्याभोवतीची फक्की पुसली. नंतर उरलेल्या त्या एका खुणेपाशीही लोक "आधी तुम्ही" म्हणत थांबले आणि खो खो हसले. मी मात्र त्या पुसलेल्या फक्कीकडेच बघत राहिलो.

बागेच्या तोंडाशी आता मोठी कमान आली आणि मला कुत्र्यांच्या त्या कोपऱ्यात बसवण्यात आलं. तेल मिळालं, नवी कडी मिळाली. पहिल्या सकाळी आजी आल्या. त्यांनी मला लावलं, कडी दोनदा हलवून पाहिली आणि ठिपक्याची दोरी सोडली.

तो जागचा हललाच नाही. दोरी गळ्यात नाही हे त्याला पटेना. आजींकडे बघून शेपटी हलवत राहिला. मग एक पाऊल टाकलं, थांबला, आणखी एक टाकलं, आणि मग जो सुटला! कुंपणाला वळसे घालत, कान मागे उडवत. आजी एकाच जागी गोल फिरत त्याला बघत होत्या, हसत होत्या, डोळे पुसत होत्या. मित्रांनो, तेव्हा मी घट्ट लागलेला होतो. इतकं समाधान मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

तेवढ्यात दोन कुत्री घेऊन निघालेल्या वस्तीतल्या डॉक्टरीणबाई आतून माझ्यापाशी आल्या आणि शेजाऱ्याचा कुत्रा घेऊन अध्यक्षकाका बाहेरून. काकांनी मला उघडलं आणि तळव्याने धरून ठेवलं.

"आधी तुम्ही."

"अहो नाही, तुम्ही या ना आधी."

मी सगळं वजन काकांच्या तळव्यावर टाकलं. लागू द्या मला, लागू द्या! पण लोखंडाचं कोण ऐकतं? ठिपक्या वळसा घेऊन आला, त्याला समोर मोकळी जागा दिसली आणि तो त्यांच्या पायांमधून निसटून कमानीतून थेट रस्त्याकडे सुटला. आजी ओरडल्या. ज्याला ऐकू येत नाही त्याला हाका मारत धावल्या. रस्त्यावर करकचून ब्रेक लागल्याचा आवाज झाला.

तो वाचला. सायकलवाल्याने स्वतःला पाडून घेऊन त्याला वाचवलं, तरी पुढचा पाय चाकाखाली आलाच. आजींनी त्याला पदरात घेतलं आणि त्या तडक घरी निघून गेल्या. त्यानंतर त्या बागेकडे फिरकल्या नाहीत.

समितीने सगळं खापर माझ्यावर फोडलं. दरवाजा जुना, बिजागरी ढिली, नीट लागत नाही, द्या भंगारात. मी नीट लागत नाही? मी? तोवर त्यांनी मला तारेने जखडून टाकलं. इतकी वर्षं लागायला तडफडत होतो आणि आता लागलो तो असा, की आतही कुणी नाही, बाहेरही कुणी नाही. त्या लागण्याचं मला काडीचंही सुख वाटेना. आजींचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता.

मग एके दिवशी नकाशेताई आल्या. त्यांनी तार सोडली, मला ढकललं. खट. पुन्हा ढकललं. खट. शेजारी अध्यक्षकाका उभे होते.

"काका, दरवाजा उत्तम आहे," ताई म्हणाल्या. "त्याला लागू दिलं तर लागतो."

काकांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी आपल्या तळव्याकडे पाहिलं. चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे त्या दिवशी मीच..." एवढंच बोलले. दुसऱ्याच दिवशी वेल्डर बोलावून त्यांनी तो पुसलेला आतला दरवाजा मापाने करून बसवून घेतला. मी बाहेरचा राहिलो. मग काका रोज घरी जाऊन आजींची विनवणी करू लागले, असं डॉक्टरीणबाई कुणालातरी सांगत होत्या.

आजी आल्या त्या सकाळी ठिपक्या किंचित लंगडत होता आणि दोरीचे दोन वेढे आजींच्या मनगटाभोवती होते. त्यांच्या चार पावलं पुढे शेजाऱ्याचा कुत्रा घेऊन काका चालले होते. काका माझ्यातून आत शिरले, मागे वळले, आजींना पाहिलं. सवयीने त्यांचा तळवा माझ्या गजांवर आला. माझा जीव टांगणीला लागला. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाच्या तोंडावर दार लावलं नाही, त्याने डोळे मिटले आणि हात काढून घेतला.

मी आजींच्या नाकासमोर खाडकन लागलो.

"माफ करा हं, आजी," काका माझ्यावरून कसेबसे म्हणाले. कानापर्यंत लाल झाले होते.

आजी माझ्याकडे बघत राहिल्या, मग काकांकडे. "अध्यक्ष," त्या म्हणाल्या, "या वस्तीत इतक्या प्रेमाने मला कुणी वागवलं नाही हो."

काका आत गेले. आतला दरवाजा लागला. मग आजी आल्या, मला लावलं, पलीकडे गेल्या, तोही लावला आणि मनगटावरचे वेढे सोडवू लागल्या.

मित्रांनो, ठिपक्या आता तीन पायांवर जोर देऊन पळतो, वळणावर घसरतो, पण पळतो. म्हणून माझं एक ऐका. दरवाज्यातून गेलात की मागे वळून बघा आणि त्याला लावून घ्या. मागून कुणी आलंच तर ते उघडतील, त्यांना हात आहेत. वाईट वाटून घेऊ नका आणि मला धरून उभे तर मुळीच राहू नका. आत कुणीतरी दोरी सोडून बसलंय.