ढमी जेवत नाहीये

मी गिनीपिग बोलतेय. हळूच बोलतेय हं, आणि पुठ्ठ्याच्या खोक्याआडून बोलतेय, कारण समोर येऊन बोलण्याइतकी माझी छाती नाही. घरात मला भित्री म्हणतात. शेजारी पडलीये ती माझी सख्खी बहीण, ढमी. पाच दिवस झाले, तिने स्वतःच्या तोंडाने घास घेतलेला नाही. माझं चित्त थाऱ्यावर नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

आम्ही जन्मतो तेच डोळे उघडे ठेवून. अंगावर केस, तोंडात दात, सगळं घेऊनच येतो आणि तासा-दोन तासांत पळायला लागतो. पळावंच लागतं हो! पाळीव प्राण्यांच्या दुकानात जन्मल्यावर मी जगात पहिली वस्तू पाहिली ती म्हणजे झाडू, आणि तो माझ्याच दिशेने येत होता. तेव्हा जी पाचावर धारण बसली ती आजतागायत तशीच आहे. ढमी मात्र त्या झाडूचा वास घ्यायला पुढे गेली. बाई गं, हिला भीती म्हणून ठाऊकच नाही!

एका कॉलेजच्या मुलीने आम्हा दोघींना घरी आणलं. घरात ती आणि तिचा मामा, दोघंच. घर म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला ओटा आणि फ्रिज, दुसऱ्या टोकाला मामाचं टेबल, मधे आमचा पिंजरा. मामा घरी बसूनच नोकरी करतो. कानांवर हेडफोन चढवायचा आणि दिवसभर लोकांच्या बिघडलेल्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकायच्या. "हो मॅडम, तुमचा त्रास मी समजू शकतो," हे वाक्य तो इतक्यांदा म्हणतो, की एकदा दारावर आलेल्या पोस्टमनलाही म्हणाला होता.

भाचीने पहिल्याच दिवशी त्याला समोर बसवून बजावलं. "मामा, नीट ऐक. वाळलेलं गवत यांच्यासमोर चोवीस तास हवं. आणि रोज ताजी भाजी, स्वच्छ धुऊन. यांच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, आपल्यासारखंच. ते खाण्यातूनच मिळायला हवं. ढोबळी मिरचीची फोड रोज. कोथिंबीर, पालेभाजी, काकडी आलटूनपालटून. गाजर कधीतरीच, गोड असतं. कांदा, लसूण, बटाटा अजिबात नाही."

"अगं, एवढं कौतुक तर माझ्या आईनेही माझं नाही केलं," मामा म्हणाला.

"म्हणून तर तुझं पोट असं सुटलंय."

मामाने ओढून पोट आत घेतलं. ती हसली, मग तोही हसला. ते दिवस फार चांगले होते. फ्रिजचं दार वाजलं रे वाजलं, की आम्ही दोघी पिंजऱ्याच्या जाळीला पाय लावून उभ्या राहायचो आणि कुईईई कुईईई अशी शीळ घालायचो. तेवढा वेळ मी चक्क भीती विसरायचे. ढमी तर खोक्याच्या छपरावर चढून ओरडायची. माझ्या तोंडातली कोथिंबीर ती ओढून न्यायची आणि मी तिला नेऊ द्यायचे. खादाड मेली!

मग भाचीला दुसऱ्या गावी नोकरी लागली. जाताना तिने भाज्यांची यादी लिहून फ्रिजवर चिकटवली. मामाने आठवडाभर ती इमानेइतबारे पाळली. पण तो पाणी प्यायला फ्रिज उघडायचा तेव्हाही आम्ही शीळ घालायचो. आम्हाला काय कळतंय, पाणी का पालक! आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी गिऱ्हाईक फोनवर असायचं. एकाने विचारलं, "तुमच्याकडे आग लागलीये का हो? भोंगा वाजतोय." मग त्याच्या कंपनीतल्या साहेबीणबाईंचा फोन आला. मामा उभा राहून बोलत होता. "हो मॅडम. नाही मॅडम. पुन्हा होणार नाही." त्याच्या कपाळावर घाम आला होता. नोकरी जाण्याच्या भीतीचा वास मला लगेच येतो, कारण सगळ्या भीतींचा वास सारखाच असतो.

दुसऱ्या दिवशी त्याने कोरड्या गोळ्यांची मोठी पिशवी आणली. दुकानदार म्हणाला होता, यात सगळं असतं. मामाने सकाळीच वाटी भरून ठेवली, पाण्याचा तांब्या टेबलावर घेतला आणि कामाच्या वेळात फ्रिज उघडणंच सोडलं. संध्याकाळी तो इतका दमलेला असायचा, की त्याच्या स्वतःच्याच ताटात पाव आणि अंडं. गवत मात्र न चुकता घालायचा. वाईट नाही हो तो. रात्रीच्या जेवणाआधी आमच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय राहायचा नाही.

पंधरा-वीस दिवसांत आमचा आवाज बंद झाला. भाचीचा फोन आला की मामा कौतुकाने सांगायचा, "मजेत आहेत गं. आता अगदी शहाण्या झाल्यात. चूं नाही की चां नाही."

शहाण्या! अहो, ढमीला खोक्यावर चढता येईनासं झालं होतं. मागचे पाय आखडले होते. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, गोळी चावली की दुखायचं. माझेही सांधे ठणकत होते, पण मी मुळातच कमी हलते, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. आमच्या जातीत आजारपण दाखवत नाहीत. कळपात जो लंगडतो त्यालाच आधी उचलून नेतात, हे आम्हाला आईच्या पोटातच कळलेलं असतं. म्हणून ढमी सोंग करायची. मामा जवळ आला की वाटीत तोंड घालायची आणि नुसताच जबडा हलवायची. "जेव बाई, जेव," म्हणून मामा खुशीत टेबलाकडे जायचा. तो गेला की ती तोंड बाहेर काढायची. तोंडात काहीच नसायचं.

पाच दिवसांपूर्वी सकाळी मी उठून पाहिलं, तर ढमीच्या बाजूला एकही लेंडी नव्हती. हसू नका. आमच्या पोटाचं जातं सतत फिरतं राहावं लागतं. ते एकदा थांबलं की आमचा खेळ खलास.

"मी ओरडते," मी म्हटलं.

"गप्प बस," ढमी कुजबुजली. "ऐकू गेलं तर उचलून नेतील."

मामा फोनवर होता. ओरडायचं म्हणजे आपण कुठे आहोत ते साऱ्या जगाला सांगायचं. पण ढमीचं अंग गार लागलं आणि मी ओरडले. मामाने दचकून हात हलवला, मग पिंजऱ्यावर चादर टाकली. काळाकुट्ट अंधार झाला. भीतीने माझी गाळण उडाली, पण मी थांबले नाही. घसा फाटेस्तोवर ओरडत राहिले.

"माफ करा मावशी, घरात गिनीपिग आहेत," मामा फोनवर गयावया करत होता. पलीकडच्या बाई काहीतरी बोलल्या. मामा म्हणाला, "नाही, भूक कसली, वाटी भरलेली आहे." मग म्हणाला, "हिरवं? नाही, हिरवं काही दिलं नाही बरेच दिवस." शेवटी म्हणाला, "बरं. बघतो. तुमच्या मशीनचं मी नंतर फोन करून सांगतो."

चादर निघाली. फ्रिजचं दार वाजलं. तळाशी उरलेल्या ढोबळी मिरचीची लाल फोड ढमीच्या नाकासमोर आली आणि ढमीने तोंड फिरवलं.

ढमीने! मामाने तिला उचललं. ती कळवळली आणि त्याच्या बोटाला रक्त लागलं.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना तपासलं. "ताजी भाजी कधीपासून बंद आहे?" त्यांनी विचारलं.

"महिना होत आला असेल. पण या गोळ्या देतो ना," म्हणत मामाने पिशवी पुढे केली.

त्यांनी ती उलटीसुलटी करून वाचली. "अहो, या सशांच्या आहेत. सशाचं शरीर क जीवनसत्त्व बनवतं. यांचं नाही. तुम्हाला काहीच जाणवलं नाही?"

"ओरडायच्या बंद झाल्या," मामा म्हणाला. "मला वाटलं, शहाण्या झाल्या." त्याचा आवाज इतका बारीक झाला होता, की मला तो आमच्यातलाच वाटला.

तेव्हापासून मला भाजी मिळतेय, औषधाचे थेंब मिळताहेत, पायांत जोर येतोय. ढमीला मामा दर दोन-तीन तासांनी मांडीवर घेऊन सुई नसलेल्या पिचकारीने पातळ लापशी भरवतो. फोन चालू असतानाही भरवतो. साहेबीणबाईंना त्याने स्पष्ट सांगितलं, "मॅडम, घरात आजारी माणूस आहे." भाचीला खरं सांगताना मात्र त्याला रडू आवरलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत, ती स्वतःहून खायला लागली तरच आशा आहे. आज पाचवा दिवस.

तुमच्या घरी आमच्यातलं कुणी असेल, तर एवढं ऐका. आम्ही खाण्यासाठी ओरडतो तेव्हा आमचं बरं चाललेलं असतं. आम्ही गप्प झालो की मात्र हातातलं काम टाकून या, खाली बसा, तोंड उघडून बघा. आणि ताजी भाजी रोज द्या. आम्हाला मागता येतं, पण समजावून सांगता येत नाही.

आत्ता मामाने ढमीच्या तोंडाशी कोथिंबिरीची काडी ठेवलीये आणि तो जमिनीवर पालथा पडून बघतोय. मला कडकडून भूक लागलीये, पण मी त्या काडीला शिवलेले नाही. ती तिची आहे.

थांबा जरा. पान हललं. वाऱ्याने नाही, खिडकी बंद आहे. माझ्या श्वासानेही नाही, मी तर श्वास रोखून धरलाय.

मामा, हलू नकोस. ती चावतेय.