उघाडीवरचा हेडसेट

भरतीची राखण डोळ्यांनी करायची नसते, कानांनी करायची असते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि केतनचा तर शेंबूड पुसूनही बरीच वर्षं झाली होती. तरीही आषाढातल्या पौर्णिमेच्या उधाणाला, सकाळी अकरा वाजता, तो बांधावरच्या खोपीत बसून बाहेरचा आवाज आत येऊ न देणारा हेडसेट कानांवर चढवत होता. मुद्दाम नव्हे. मुद्दाम केलं असतं तर त्याला निदान वाईट माणूस तरी म्हणता आलं असतं.

गाव उरणच्या अंगाला. बांधाच्या एका बाजूला खाडी, तिच्यापलीकडे बंदराच्या क्रेनी माना वर करून उभ्या. दुसऱ्या बाजूला भातशेती, भरतीच्या पाण्यापेक्षा पुरुषभर खोल. बांधाच्या मधोमध उघाडी, म्हणजे दगडी मोरीला लाकडी झडपा. ओहोटीला त्या उघडून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला मिटून खाडी बाहेर राहते. निदान तसं ठरलेलं आहे.

उधाणाच्या दिवशी उघाडीवर एक माणूस बसवायचा, दर वेळी वेगळ्या घराचा. पाळ्या म्हातारा बाबाजी शाळेच्या मागच्या भिंतीवर खडूने लिहायचा. चाळीस वर्षं त्याने स्वतः राखण केली होती. त्याचं म्हणणं असं, की खांड, म्हणजे बांधाला पडलेलं खिंडार, डोळ्यांना दिसते तेव्हा ती पडून गेलेली असते. त्याच्या आधी बांध बोलतो. चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी पोखरलेल्या बिळातून पाणी शिरलं की आत कुठेतरी बारीक सूं वाजतं. ते ऐकायचं, जागा हुडकायची, भोकात ढेकळं कोंबायची आणि हाळी द्यायची. आता बाबाजीला डाव्या कानाने काहीच ऐकू येत नसे आणि उजव्याने फक्त सुनेचं, म्हणून तो पाळ्या लिहीत असे.

आजची पाळी केतनच्या बापाची, हिरामणची होती. पण हिरामण ट्रेलर घेऊन कालपासून बंदराच्या रांगेत अडकला होता. सकाळी त्याने फोन केला. उशीर होईल, तू जा, म्हणाला. “चार तास बस आन् आयक. दुसरं काय करू नुको.” केतन व्हय म्हणाला. बसून ऐकायचंच तर आहे, आणि हेडसेटही ऐकण्याचीच वस्तू, असा त्याचा हिशेब.

हेडसेट नाक्यावरच्या दीपेशच्या दुकानातला होता. दुकानात असा माल ठेवावा की नाही, हे दीपेशला ठरवायचं होतं, आणि त्याने ते केतनवर सोपवलं होतं. अटी दोन: संध्याकाळी पाचला परत आणायचा, आणि कानांच्या गाद्यांवरचं प्लास्टिक काढायचं नाही. केतनचा व्हिडिओ चॅनेल होता. त्याला दोनशे अकरा माणसं जोडलेली होती, त्यातली एकोणीस मामाकडची. बावीस वर्षांच्या आयुष्यात कुणी त्याचं मत पहिल्यांदाच मागितलं होतं. त्यामुळे चाचणी कसोशीने व्हायला हवी होती.

खोपीत विजेचा पॉइंट होता. झडपा उचलणाऱ्या मोटारीसाठी तो बसवलेला; मोटार चोरीला गेली, पॉइंट कुणाला उचकटता आला नाही. केतनने प्लास्टिकात गुंडाळून छोटा टीव्ही आणला, कन्सोल आणला, मोबाईलवरून नेट जोडलं. बसायला मात्र काही नव्हतं. बाहेर उघाडीच्या डाव्या कडेला चिखलमातीच्या सात गोणी रचलेल्या होत्या, उजव्या कडेला सात. गोणी अडचणीच्या वेळेसाठी असतात हे त्याला माहीत होतं. अडचणीचं सामान राखणदाराच्या हाताशी हवं, असा विचार करून त्याने चौदाही गोणी ओढत आत आणल्या. चार गोणींवर टीव्ही ठेवला, बाकीच्यांचं आसन केलं, पाठ टेकायला, हात ठेवायला जागा असलेलं. गावच्या सरपंचाकडेही एवढी बरी खुर्ची नव्हती.

गोणी तिथे नुसत्या ठेवलेल्या नव्हत्या, बांध दाबून धरायला रचलेल्या होत्या, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखी ती गोष्टच नव्हती. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की उघाडीच्या दोन्ही कडांना बांध जुनाट आहे.

बांधाच्या पायथ्याचं पहिलं शेत त्यांचंच. तिथे त्याची आई कमळ आणि तीन बायका लावणी करत होत्या. टीव्ही जाताना पाहून कमळने खालूनच विचारलं होतं, हे काय नेतोस. काम आहे, असं तो म्हणाला. बायका साडेबाराला भाकरी सोडणार होत्या, नेहमीसारख्या बांधाला पाठ टेकून. तिथे खांड पडली तर खारं पाणी शेतात जाईल आणि तीन वर्षं त्यात काही उगवणार नाही. पण ते नंतरचं. पाठ टेकून बसलेल्या माणसाला उठायलाही वेळ मिळणार नाही.

केतनने बाहेरचा आवाज बंद करणारं बटण दाबलं. वारा गेला, खाडी गेली, बायकांचं बोलणं गेलं. जगाच्या तोंडावर कुणी उशी दाबावी तसं झालं. वहीत त्याने लिहिलं: बाहेरचा आवाज रोखणे, पाचपैकी पाच.

ऑनलाइन रत्नपाल आला. तो आगरदांड्याचा, जेट्टीजवळ राहणारा. दोघे वर्षभर रोज एकत्र खेळत होते आणि एकमेकांना कधी भेटले नव्हते, त्यामुळे त्यांचं छान जमत असे. खेळ सुरू झाला. पडक्या इमारतीत शत्रू शोधायचे होते. हेडसेटने कमाल केली. दोन मजले वर, डाव्या हाताला, मागच्या जिन्यावर कुणीतरी पाय टाकला तेही केतनला कळलं, आणि त्याने वळून त्याला टिपलं. वहीत आणखी एक पाच पडला.

मग माईकची पाळी. केतनने माईक पूर्ण वाढवला आणि कसा येतोय, असं विचारलं.

रत्नपाल म्हणाला, आवाज मस्त येतोय, पण मागे सूं वाजतंय. मिक्सर लांब कुठेतरी लावल्यासारखं.

पंखा नाही, फ्रिज नाही. बांधावर कुणी मिक्सर लावत नाही. केतनने वायर हलवून पाहिली, तर वायर नव्हतीच. कन्सोल बंद करून चालू केला. रत्नपाल म्हणाला, आहे अजून. केतनने माईकला दोन गुण दिले.

तेवढ्यात दारातून एक चिंबोरी आत आली. तिच्यामागून दुसरी, मग पाचसहा. ओल्या, घाईत असलेल्या, कुणाकडे न बघणाऱ्या. भर दुपारी चिंबोऱ्या बिळं सोडत नाहीत. केतनने पाय वर घेतले आणि त्यांना वाट दिली. चिंबोऱ्या टीव्हीखालून गेल्या, भिंतीशी पोचल्या आणि भिंत चढू लागल्या. त्याला ते विचित्र वाटलं. मोबाईलवर त्याने त्यांचा फोटो काढला.

दारातून खाडी दिसत होती. एक जहाज चाललं होतं, नेहमीपेक्षा उंचावरून. भरती पूर्ण व्हायला अजून तास होता.

“केत्या,” रत्नपाल म्हणाला, “ते वाढलंय.”

“काय?”

“सूं. मघाशी मिक्सर होता, आता गिरणी झाली. बिघडलेला माईक येवढा मन लावून बिघडत न्हाय रे.”

हसण्यासारखं होतं, पण दोघेही हसले नाहीत. रत्नपालने त्याला माईक तोंडापासून लांब धरून फिरवायला सांगितलं. केतनने डोक्यावरचा हेडसेट न काढताच माईकची दांडी समोर वळवली, आणि मान हळूहळू डावीकडे नेली.

“वाढतंय,” रत्नपाल म्हणाला.

मान उजवीकडे.

“कमी. न्हाय, थांब. पुन्हा वाढतंय.”

माईकमधल्या बिघाडाला दिशा नसते. वर्षभर पडक्या इमारतींत पावलं ऐकण्यात घालवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. केतनने एका कानावरची गादी बाजूला सरकवली.

बाबाजीने सांगितलेला आवाज त्याला लहानपणापासून तोंडपाठ होता. ऐकला नव्हता एवढंच. कुणीतरी दातांमधून श्वास आत ओढत होतं, आणि तो श्वास संपत नव्हता.

तो बाहेर धावला. उघाडीच्या डाव्या कडेला, जिथून त्याने सकाळी सात गोणी उचलल्या होत्या, तिथली माती काळी पडली होती आणि शेताच्या अंगाला हाताएवढं भोक पाणी ओकत होतं. भोकाच्या कडा त्याच्या डोळ्यांदेखत विरघळत होत्या. खाली बायका भाकरी सोडत होत्या. कमळची पाठ बांधाला टेकलेली होती, भोकापासून दहा पावलांवर.

गोणी खोपीत होत्या, खुर्चीच्या रूपात. एक आणून टाकेपर्यंत भोक माणूसभर झालं असतं. मग केतनने ते केलं जे त्याच्या आजाने, पणजाने आणि गावातल्या निम्म्या पुरुषांनी कधी ना कधी केलं होतं. उतारावरून घसरत तो खाली गेला, भोकाकडे पाठ केली आणि आत बसला.

पाणी थंड होतं आणि त्याला ढकलत होतं, रागाने नव्हे, सवयीने. त्याने टाचा चिखलात रोवल्या आणि हाळी दिली.

“आयेऽ! खांऽड!”

बायकांनी भाकऱ्या टाकल्या. दोघी बांध चढून गोणी शोधायला लागल्या. गोणी जागेवर नाहीत म्हणून क्षणभर त्यांची तोंडं उघडी राहिली. “खोपीत,” केतन म्हणाला, आणि एवढं बोलताना त्याला जितकी लाज वाटली तितकी नंतर चारचौघांत मार खाऊनही वाटली नसती. तिसरी ढेकळं फोडू लागली. कमळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ओल्या हातांनी त्याच्या बगलांशी चिखल लिंपत राहिली.

“कानावर काय हाय?”

“हेडसेट.”

“राखणीला?”

पहिली गोण आली, त्याच्या कमरेशी बसली. दुसरी आली. पाठीवरचा दाब हळूहळू कमी झाला. हेडसेट अजून चालू होता. कंपनी कन्सोलपासून पंधरा मीटरचा पल्ला सांगते, आणि या बाबतीत तरी कंपनी खोटं बोलत नव्हती.

“सापडलं का भोक?” कानात रत्नपाल म्हणाला. “बुजवलं?”

“बुजलं. थांबलं.”



“मग मला अजून का ऐकू येतंय?”

केतनने डोळे मिटले. सात डावीकडच्या, सात उजवीकडच्या. दोन्ही कडांच्या गोणी त्यानेच उचलल्या होत्या, आणि रत्नपालने मघाशी दोन्हीकडे वाढतंय म्हणून सांगितलंही होतं.

“आये,” तो म्हणाला, “उजवी कडपण.”

कमळने उजवीकडे पाहिलं. तिथे गवत होतं, कमरेएवढं. त्यातलं भोक हुडकायला खालून अर्धा तास लागला असता, आणि वारा एवढा की कान असून उपयोग नव्हता. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग कानाकडे.

“ह्यात कोन बोलतंय?”

“रत्नपाल. आगरदांड्याचा. माईक वारा गाळतो, त्याला ऐकू जातंय.”

कमळने चिखलाच्या हातांनी हेडसेट त्याच्या डोक्यावरून काढला, पदरावरून स्वतःच्या डोक्यावर चढवला आणि बांधावर गेली. हेडसेटच्या कानांवरच्या दिव्यांचा रंग निळ्याचा हिरवा, हिरव्याचा जांभळा होत होता. गाद्यांवरचं प्लास्टिक निघून वाऱ्यावर उडालं.

“बाला, मी केतनची आय. बोल. जास्त की कमी?”

यापुढचं केतनला ऐकू आलं नाही. भोकात रुतलेला तो फक्त बघू शकत होता, आणि बघून उपयोग नसतो हे त्याला आता पुरतं कळलं होतं. आई चार पावलं पुढे गेली, एक मागे आली, डावीकडे वळली. मान तिरपी, ओठ हलत होते. इकडून ऐंशी किलोमीटरवरचा, कधी न पाहिलेला पोरगा तिला बांधावरून चालवत होता. तिच्यामागे खाडी बांधाच्या काठाला येऊन टेकली होती, आणि भरतीला अजून चाळीस मिनिटं होती.

ती थांबली. बायकांना हात करून गोणी तिकडे आणायला सांगितल्या. त्या खोपीपासून निघाल्या, एकेक गोण दोघींत धरून.

कमळने त्यांची वाट पाहिली नाही. लुगडं वर खोचलं, उतारावरून गवतात उतरली, बांधाकडे पाठ केली आणि हळूच खाली बसली. गवताच्या वर फक्त तिचं डोकं राहिलं, आणि त्यावरचे दिवे. निळे, हिरवे, जांभळे, पुन्हा निळे.

दोघं मायलेक उघाडीच्या दोन कडांना भोकांत बसून होते. केतनने हेडसेटशिवाय कान दिला. आता ऐकायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तो बांधाच्या पोटातलं सगळं ऐकत राहिला.