काठोकाठ भरलेली टाकी

आमच्या बोट क्लबची मी बारा वर्षं सचिव. पाठीमागे मला सगळे 'हवालदारीण' म्हणतात हे मला माहीत आहे आणि खोटं कशाला बोलू, आवडतंही. मी धक्क्यावर उभी नसले तर ही मंडळी तळ्याचं वाटोळं करतील, अशी माझी खात्री होती. बोटीची टाकी काठोकाठ भरू नका, उन्हात पेट्रोल फुगून बाहेर येतं, असं मी प्रत्येकाच्या कानीकपाळी ओरडत असे. ज्याचं पेट्रोल पाण्यात सांडेल त्यानं घंटा वाजवून सगळ्यांना बोलवायचं, हा नियमही माझाच. गेल्या वर्षी आमच्यातल्या दातांच्या डॉक्टरनं घंटा न वाजवता तवंगावर भांड्यांचा साबण ओतला. तवंग दिसेनासा झाला, पण पेट्रोल पाण्यातच राहिलं. त्याला मी तीन महिने बोट काढू दिली नाही.

परवाच्या रविवारी दुपारी सचिवपदाची निवडणूक होती. माझ्याविरुद्ध उभी कोण, तर सख्खी नणंद! "वहिनी, तू आता जरा बस. मी बघते," असं हसतहसत सांगून तिनं अर्ज भरला होता. मला ते भलतंच झोंबलं. सकाळी क्लबच्या मोटरबोटीनं तळ्याच्या आमच्या काठावर राहणाऱ्या प्रत्येक सभासदाकडे जाऊन मतं मागायचं मी ठरवलं आणि मध्येच पेट्रोल संपून फजिती नको म्हणून टाकी भरली. काठोकाठ.

चहा पिऊन परत येते तर बोटीभोवती पाण्यावर सप्तरंगी तवंग! धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. क्लबच्या स्वयंपाकघरातून मी साबणाची बाटली आणली. झाकणही उघडलं. लाज वाटली म्हणून थांबले असं सांगायला मला आवडलं असतं, पण खरं म्हणजे एक पाणकोंबडी आपली चार पिल्लं घेऊन थेट तवंगाकडे निघाली होती. मी पाय आपटले, हुसकावलं. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मग मात्र मी घंटेची दोरी ओढली.

सगळे धावत आले. मी हुकूम सोडायला तोंड उघडेपर्यंत डॉक्टरनं तेल शोषणारी कापडं पाण्यावर पसरली होती, दोघांनी तरंगता दोर ओढून तवंगाला वेढा घातला होता आणि नणंदेनं वल्ह्यानं पाणी थोपटत पाणकोंबडीला पिल्लांसकट वळवलं होतं.

"सांडलं कुणाचं?" डॉक्टरनं विचारलं.

"माझं."

"अरे वा! बारा वर्षं या दिवसाची वाट बघतोय!"

हशा पिकला. मी म्हटलं, "घंटा तर वाजवली ना नियमाप्रमाणे!"

"पडले तरी नाक वर!" नणंद म्हणाली आणि माझ्या हातातली बाटली हळूच काढून घेऊन तिनं पदराआड केली.

दहा मिनिटांत पाणी स्वच्छ झालं. तेवढ्या वेळात मला कुणी काहीही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं; सगळ्यांना सगळं येत होतं. मला वाईट वाटलं. मग खूप बरं वाटलं. मी अर्ज मागे घेतला.

"बारा वर्षांत तू नुसती मजेला म्हणून एकदाही होडीत बसली नाहीस," नवरा म्हणाला आणि वल्ही घेऊन आला.

पलीकडचा काठ मी आजवर दुर्बिणीतूनच पाहिला होता, कुणी कचरा टाकतंय का म्हणून. तिथे पोचायला वीस मिनिटं लागली. पाण्यात पाय सोडून बसले. क्लबकडे मान वळवून एकदाच पाहिलं. बरं, दोनदा.